डोळ्यांखालची काळी रेघ: लॅक्रोसमधील खिलाडूवृत्ती आणि पंचगिरीचे नियम

१. प्रश्नाची मांडणी

काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीने चेंडू उचलायचा, झेलायचा, सांभाळत धावायचे आणि गोलात फेकायचा, असा लॅक्रोसचा खेळ आहे. पुरुषांच्या मैदानी प्रकारात दोन्ही बाजूंना १०-१० खेळाडू असतात. मैदान ११० यार्ड लांब आणि ६० यार्ड रुंद, गोल ६ फूट रुंद आणि तितकाच उंच. चेंडू भरीव रबराचा, वजनाने दीडशे ग्रॅमला थोडा कमी. तरबेज खेळाडूच्या काठीतून तो ताशी १५० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटू शकतो. काठीवर काठी मारणे आणि ठरलेल्या मर्यादेत अंगाने धडक देणे हे पुरुषांच्या खेळात वैध आहे.

अशा खेळात पंचाच्या डोळ्यांना उसंत नसते. तरीही अमेरिकेतल्या शालेय लॅक्रोसच्या नियमपुस्तकाने खेळाडूच्या गालावरच्या रंगासाठी जागा राखून ठेवली आहे. डोळ्यांखाली लावल्या जाणाऱ्या काळ्या रंगाला तिकडे ‘आय ब्लॅक’ म्हणतात. हा रंग कुठवर लावावा, कसा लावावा आणि त्यात काय लिहू नये, हे पुस्तक सांगते. जिथे हाड मोडण्याची शक्यता असते तिथे रंगाच्या रेघेची चौकशी कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल.

या प्रश्नाचे तीन भाग पडतात. ही रेघ खरोखर काय काम करते? नियम तिची हद्द कुठे आखतो आणि का? आणि तो नियम पंचाने कसा राबवावा? या तिन्ही भागांचा विचार केल्यावर मी एका मतावर आलो आहे. वस्तूचा उपयोग जिथे संपतो तिथेच नियमाने आपली हद्द आखली, तर तो न्याय्य ठरतो. आणि अशी हद्द शिक्षेची वाट न पाहता मान्य करणे हा खिलाडूवृत्तीचा पहिला भाग आहे. हे मत पटावे म्हणून पुढचे विवेचन क्रमाने मांडतो.

२. द्रव्य आणि त्याचे काम

पारंपरिक आय ब्लॅक म्हणजे मेण, पॅराफिन आणि कोळशाची पूड यांचा चिकट लेप. काजळ पापणीच्या कडेला बसते, हा लेप मात्र डोळ्याखाली, गालाच्या उंचवट्यावर ओढतात. प्रचलित नोंदीनुसार अमेरिकन फुटबॉलमधल्या वॉशिंग्टन संघाच्या अँडी फार्कसने १९४२ च्या सुमारास जळलेल्या बुचाची राख अशी लावली. तिथून बेसबॉल, लॅक्रोस आणि इतर मैदानी खेळांत ही पद्धत पसरली. पुढे लेपाऐवजी तयार चिकटपट्ट्याही मिळू लागल्या. वेस्ट इंडिजच्या शिवनारायण चंदरपॉलच्या डोळ्यांखाली आपल्याकडच्या क्रिकेटरसिकांनी वर्षानुवर्षे पाहिल्या त्या या चिकटपट्ट्या.

लेपामागचे तत्त्व साधे आहे. ऊन किंवा मैदानावरचे दिवे गालावर पडतात. घामाने ओला आणि तेलकट झालेला गाल त्यातला काही प्रकाश वर, डोळ्याकडे परत पाठवतो. हा भरकटलेला प्रकाश बुबुळातून आत शिरला की डोळ्याच्या पारदर्शक भागांत विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक पातळ उजळ पडदा पसरवतो. पडदा पडला तरी वस्तूचा आकार बदलत नाही. वस्तू आणि तिच्यामागची पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक मात्र कमी होतो. फिकट आकाशासमोरून येणारा पांढरा चेंडू उशिरा दिसतो तो यामुळे. काळा, खरबरीत, प्रकाश शोषणारा लेप गालावर असेल तर परतणारा प्रकाश घटतो.

या स्पष्टीकरणातून दोन उपसिद्धांत निघतात आणि पुढच्या सगळ्या चर्चेला ते लागतात. पहिला असा की लेपाचा उपयोग डोळ्याच्या लगतच्या जागेपुरता आहे, कारण बुबुळाच्या दिशेने प्रकाश परतवू शकणारी त्वचा मुख्यतः तीच. हनुवटीवर, जबड्यावर किंवा कानशिलाकडे लेप कितीही जाड फासला तरी दृष्टीला त्याचा फायदा होण्याचे कारण नाही. दुसरा असा की डोळ्यावर येणारा बराचसा त्रासदायक प्रकाश थेट वरून येतो आणि गालावरचा लेप त्याला अडवू शकत नाही. पुरुषांच्या लॅक्रोसमधल्या हेल्मेटला कपाळापुढे छज्जा असतो, तो हे काम लेपापेक्षा चांगले करतो. म्हणजे बोडक्या डोक्याच्या खेळाडूला लेपाचा जितका लाभ होईल, तितका हेल्मेट घातलेल्या लॅक्रोसपटूला होण्याची अपेक्षा धरता येत नाही.

३. प्रयोगाची साक्ष

तत्त्व पटण्याजोगे असले तरी ते मोजून पाहायला हवे. येल विद्यापीठातले ब्रायन डिब्रॉफ आणि पॅट्रिशिया पाक यांनी ते मोजले आणि त्यांचा अभ्यास २००३ मध्ये नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. ४६ जणांवर, सूर्यप्रकाशात, त्यांनी तीन गोष्टी ताडून पाहिल्या: काळा लेप, तयार चिकटपट्ट्या आणि पेट्रोलियम जेली. जेली तुलनेसाठी होती. मोजमापासाठी पेली-रॉबसन तक्ता वापरला. दृष्टी तपासण्याच्या नेहमीच्या तक्त्यात अक्षरे लहान होत जातात. या तक्त्यात अक्षरांचा आकार तोच राहतो आणि रंग फिकट होत जातो, म्हणून प्रकाशभेद ओळखण्याची क्षमता नेमकी त्यावर मोजता येते.

लेप लावलेल्यांची ही क्षमता सुधारलेली आढळली. चिकटपट्ट्यांनी तशी सुधारणा दाखवली नाही. म्हणजे दिसायला सारख्या वाटणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक काम करते आणि दुसरीच्या बाजूने या प्रयोगात पुरावा मिळत नाही.

या निष्कर्षाचे वजन नीट जोखले पाहिजे. प्रयोगातली माणसे स्थिर उभी राहून अक्षरे वाचत होती. धावत्या माणसाने वेगवान चेंडू टिपण्याचा तो प्रयोग नव्हता. हेल्मेटची जाळी आणि छज्जा हेही त्यात नव्हते. त्यामुळे आय ब्लॅक लावला की गोल वाढतात, असे त्यातून म्हणता येत नाही. लेपाला काही अंशी खरा दृष्टिशास्त्रीय आधार आहे, तो बिनबुडाचा तोडगा नाही, इतके मात्र ठामपणे म्हणता येते. नियमकर्त्याने लेपाला मुभा द्यावी यासाठी एवढा आधार पुरेसा आहे. गालभर चित्र काढायला मुभा द्यावी यासाठी तो कुठेच पुरत नाही.

४. रेघेचा फलक कसा झाला

काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे उठून दिसतात आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरा खेळाडूच्या चेहऱ्याजवळ जातो. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये साधनाचा फलक झाला. ८ जानेवारी २००९ रोजी महाविद्यालयीन विजेतेपदाच्या सामन्यात फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक टिम टिबो डोळ्यांखाली बायबलमधल्या एका वचनाचा संदर्भ लिहून उतरला. त्याच वर्षीच्या नव्या हंगामात ओहायो स्टेटच्या टेरेल प्रायरने कुत्र्यांच्या झुंजींच्या प्रकरणात तुरुंगवास भोगलेल्या मायकेल विक या खेळाडूचे नाव आपल्या पट्टीवर लिहिले. एका संदेशाला असंख्य चाहते मिळाले, दुसऱ्यावर टीकेची झोड उठली.

महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१० च्या फुटबॉल हंगामापासून पट्टीवरची अक्षरे, आकडे, बोधचिन्हे आणि इतर खुणा बंद केल्या. या निर्णयात श्रद्धा चांगली की वाईट, विकची बाजू घेणे योग्य की अयोग्य, असा निवाडा नव्हता, आणि त्याचे महत्त्व नेमके यात आहे. पट्टीवर लिहायला परवानगी दिली तर कोणते लिखाण चालेल हे कोणालातरी ठरवावे लागते. ते काम सामन्याच्या दिवशी पंचाच्या अंगावर येते. श्रद्धा, राजकारण, शोक आणि चिथावणी यांची वर्गवारी करणारा पंच निःपक्षपाती राहू शकत नाही. त्याचा हेतू शुद्ध असला तरी एका बाजूला तो पक्षपातीच वाटणार. सगळेच लिखाण वर्ज्य केले की पंचाला आशयात शिरावे लागत नाही. नियम कडक होतो आणि पंचाचे मन मोकळे राहते.

५. लॅक्रोसमधली हद्द

अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या खेळांचे नियम राज्य शालेय क्रीडा संघटनांचा राष्ट्रीय महासंघ करतो. त्याच्या मुलांच्या लॅक्रोसच्या नियमांत आय ब्लॅकचा उल्लेख निषिद्ध साहित्याच्या यादीत येतो. कलमाचा आशय असा: प्रत्येक डोळ्याखाली एकच भरीव रेघ असावी, शब्द, आकडे, बोधचिन्ह किंवा इतर खूण नसावी, रेघ डोळ्याच्या खोबणीच्या रुंदीपलीकडे जाऊ नये आणि गालाच्या हाडाखाली उतरू नये.

या कलमाची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोजमाप इंचात किंवा सेंटिमीटरात दिलेले नाही. खोबण आणि गालाचे हाड या शरीरावरच्याच खुणा हद्द म्हणून घेतल्या आहेत. चौदा वर्षांच्या मुलाचा चेहरा लहान असतो, अठरा वर्षांच्या मुलाचा मोठा. दोघांना एकच इंच लावला तर एकाला तो सैल पडेल आणि दुसऱ्याला घट्ट. शरीरखूण प्रत्येकाच्या चेहऱ्याबरोबर लहानमोठी होते. शिवाय ती पंचाला एका नजरेत दिसते, मोजपट्टी काढून मोजत बसावे लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही हद्द दृष्टिशास्त्राने दिलेल्या हद्दीशी जुळते. लेपाचा उपयोग डोळ्यालगतच्या त्वचेपुरता आहे, हा आपला पहिला उपसिद्धांत होता. नियमाची रेघही तिथेच थांबते. त्यापुढे जे काही रंगवले जाईल त्याचा प्रकाश शोषण्याशी संबंध उरत नाही. ते कोणीतरी पाहावे म्हणून रंगवलेले असते: प्रेक्षकाने, कॅमेऱ्याने किंवा प्रतिस्पर्ध्याने.

काही उदाहरणांनी हे पडताळू. दोन्ही डोळ्यांखाली बोटभर सरळ रेघ असेल तर ती वैध. रेघेतून जबड्यापर्यंत जाणूनबुजून ओघळ काढले असतील तर ते अवैध, कारण गालाचे हाड ओलांडले. सरळ रेघ दुसऱ्या सत्रापर्यंत घामाने खाली उतरली असेल तर पंचाने आकार आणि अवस्था यांत फरक करावा, खेळ थांबला की पुसून घ्यायला सांगावे आणि पुढे जावे, असे माझे मत आहे. चौथे उदाहरण मनाला लागणारे आहे. जखमी होऊन घरी बसलेल्या सोबत्याचा क्रमांक एखाद्या मुलाने पट्टीत लिहिला. भावना निर्मळ आहे. तरीही क्रमांक अवैध ठरतो आणि तसाच ठरायला हवा. निर्मळ संदेशाला सूट दिली की पंचाला उद्या दुसऱ्या कोणाच्या संदेशाचे मन तपासावे लागेल. सोबत्याची आठवण ठेवण्याचे इतर मार्ग मैदानाबाहेर उघडे आहेत.

६. नियमांचे तीन वर्ग

साहित्याविषयीचे सगळे नियम एका जातीचे नसतात. त्यांचे तीन वर्ग पाडले की आय ब्लॅकच्या कलमाची जागा स्पष्ट होते.

पहिला वर्ग जीवरक्षणाचा. छातीवर नेमक्या क्षणी चेंडूचा आघात झाला तर निरोगी मुलाचेही हृदय बंद पडू शकते. त्यासाठी ठराविक मानक पूर्ण करणारे छातीचे संरक्षण अमेरिकेत गोलरक्षकांना २०२१ पासून आणि मुलांच्या खेळातल्या इतर खेळाडूंना २०२२ पासून सक्तीचे झाले. मुलींच्या खेळात डोळ्यांवर संरक्षक चष्मा सक्तीचा आहे. या वर्गात पंचाने तडजोड करायची नसते. साहित्य नसेल तर खेळ नाही.

दुसरा वर्ग समान स्पर्धेचा. मुलांच्या काठीच्या जाळीची खोली हे त्याचे ठळक उदाहरण. चेंडू जाळीत ठेवल्यावर त्याचा वरचा भाग कडेच्या भिंतीच्या खालच्या काठापेक्षाही खाली गेला तर जाळी अवैध. इतक्या खोल जाळीतून चेंडू निसटत नाही आणि प्रतिस्पर्ध्याने कौशल्याने मारलेली काठी वाया जाते. इथे खेळाडूला प्रत्यक्ष अन्याय्य लाभ मिळतो, म्हणून तपासणी मोजून होते आणि शिक्षा भारी असते.

तिसरा वर्ग वर्तनाचा आणि परस्पर आदराचा. शिवीगाळ, अश्लील हावभाव, पंचाशी हुज्जत, प्रतिस्पर्ध्याला डिवचणे आणि स्वतःकडे अवाजवी लक्ष वेधून घेणे या गोष्टी शालेय नियमांत खिलाडूवृत्तीविरुद्धच्या वर्तनात मोडतात. आय ब्लॅकचे कलम छापले आहे साहित्याच्या यादीत, पण त्याचा गाभा या तिसऱ्या वर्गात आहे. मोठी रेघ ओढल्याने कोणाचे हाड मोडत नाही आणि कोणाला जादा गोल मिळत नाही. तिच्यामुळे चेहरा मुखवट्यासारखा होतो आणि समोरच्याला धाक घालण्याचे साधन बनतो, अशी तिच्याबद्दलची तक्रार आहे.

ही वर्गवारी पंचाला उपयोगी आहे. छातीचे संरक्षण नसलेला खेळाडू आणि जाड रेघ ओढलेला खेळाडू या दोघांनाही एकाच सुरात ‘अवैध साहित्य’ म्हणणारा पंच अक्षराने बरोबर असेल, पण त्याचे प्रमाणाचे भान सुटलेले असते.

७. खिलाडूवृत्ती: नियमाच्या आत आणि पलीकडे

खिलाडूवृत्तीचे दोन थर असतात. पहिला थर नियम पाळण्याचा. कोणी पाहत नसताना, पकडले जाण्याची भीती नसतानाही खेळाडू हद्द मानतो. दुसरा थर नियमाने न मागितलेले देण्याचा.

दुसऱ्या थराचे अलीकडचे फार सुंदर उदाहरण लॅक्रोसनेच दिले. हा खेळ ज्यांनी जगाला दिला त्या मूलनिवासी हॉडेनोसॉनी लोकांचा राष्ट्रीय संघ २०१८ च्या पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत तिसरा आला होता. तरीही अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथल्या ‘वर्ल्ड गेम्स’साठी त्याला सुरुवातीला अपात्र धरण्यात आले, कारण त्याच्यामागे मान्यताप्राप्त राष्ट्र आणि ऑलिंपिक समिती नव्हती. २०२० मध्ये आयर्लंडच्या संघाने स्वतःची हक्काची जागा सोडली आणि हॉडेनोसॉनी संघाला वाट करून दिली. महासाथीमुळे लांबलेली ती स्पर्धा २०२२ मध्ये झाली तेव्हा तो संघ मैदानात होता. आयर्लंडने असे करावे असे कोणतेही कलम सांगत नव्हते.

या उदाहरणाला एक जुनी पार्श्वभूमी आहे आणि ती नियमांच्या बाजूने बोलणाऱ्याने विसरू नये. माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६७ मध्ये लॅक्रोसचे लिखित नियम बांधले: एका बाजूला १२ खेळाडू, कातडी चेंडूच्या जागी रबरी चेंडू. पुढे १८८० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय लॅक्रोस संघटनेने मूलनिवासी खेळाडूंना व्यावसायिक ठरवून आपल्या स्पर्धांची दारे बंद केली. प्रवासखर्चासाठी मानधन घेण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते, त्यांनाच हौशीपणाच्या नियमाने बाहेर काढले. नियम लेखी आहे आणि सर्वांना सारखा लावला आहे, एवढ्याने तो न्याय्य होत नाही. तो कोणाला वगळतो हेही पाहावे लागते.

आय ब्लॅकच्या कलमाला ही कसोटी लावली तर ते उतरते. लेप स्वस्त आहे, हद्द प्रत्येकाच्या चेहऱ्यानुसार आहे आणि उपयोगापुरती मुभा सर्वांना आहे. उलट, हद्द नसती तर एक वेगळा अपमान सुरू राहिला असता. गालभर पट्टे ओढून त्याला लढाईचा रंग म्हणणारी बाहेरची मुले मूलनिवासींच्या विधींची आणि सन्मानाची नक्कल करमणूक म्हणून करतात. अमेरिकेत गोऱ्या नटांनी काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याचा एकोणिसाव्या शतकातला रंगमंचही अजून विस्मरणात गेलेला नाही. मुलाच्या मनात यातले काही नसते. पण रंग किती पसरला की तो जखम उघडी करतो, हे ओळखण्याचा भार त्याच्यावर टाकण्यापेक्षा एक छोटी स्पष्ट हद्द देणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे.

८. पंचाचे काम

जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८३४ मध्ये, आजच्या ओक्लाहोमाच्या प्रदेशात, चोक्टॉ या मूलनिवासी लोकांचा, लॅक्रोसच्याच कुळातल्या काठी-चेंडूचा मोठा सामना पाहिला आणि लिहून ठेवला. खेळाडूंनी काय घालावे याचा नियम तेव्हाही होता: पायात काही नाही, कमरेला वस्त्र आणि मण्यांचा पट्टा, मागे घोड्याच्या केसांचे शेपूट, मानेवर रंगवलेल्या केसांची आयाळ. आणि न्याय करण्यासाठी बसलेले चार वृद्ध वैद्य आपल्याकडून निःपक्ष निवाडा व्हावा म्हणून धूम्रपान करून परमेश्वराची करुणा भाकत होते. पंचाने खेळाडूंआधी स्वतःला शुद्ध करावे, ही कल्पना या खेळात शिट्टीपेक्षा जुनी आहे.

आजच्या पंचाच्या हातातली आयुधे अनेक आहेत. तांत्रिक फाउलला चेंडूचा ताबा जातो किंवा ३० सेकंदांची शिक्षा मिळते. वैयक्तिक फाउलला एक ते तीन मिनिटे बाहेर बसावे लागते. काही शिक्षा समोरच्या संघाने गोल केला की संपतात, काही पूर्ण भोगाव्याच लागतात. शालेय मुलांच्या खेळात खिलाडूवृत्तीविरुद्धच्या वर्तनाची शिक्षा या दुसऱ्या प्रकारची असते. आक्रमक संघ गोलाच्या वाटेवर असताना बचाव करणाऱ्याने फाउल केला तर पंच पिवळा झेंडा टाकतो, पण शिट्टी राखून ठेवतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची संधी शिट्टीने हिरावली जाऊ नये, हे त्यामागचे तत्त्व. शिक्षा कधी द्यावी याचे इतके सूक्ष्म भान ज्या खेळाला आहे, त्याच्या पंचाने गालावरच्या रेघेसाठी सामन्याच्या मध्यात पहिली शिट्टी वाजवणे हे त्या भानाशी विसंगत आहे.

म्हणून या नियमाची खरी अंमलबजावणी सामन्याआधीच व्हायला हवी. शालेय सामन्यापूर्वी मुख्य प्रशिक्षक आपल्या खेळाडूंचे साहित्य नियमानुसार असल्याची ग्वाही पंचांना देतो. या ग्वाहीत गालही येतात. सराव चालू असताना पंचाने दोन्ही संघांसमोरून एक फेरी मारावी. रेघ खाली उतरलेली दिसली तर मुलाला सर्वांसमोर न झापता प्रशिक्षकाला शांतपणे सांगावे, आणि रुमालाने काम भागते. एका संघाला सांगितले तर दुसऱ्यालाही त्याच मापाने सांगावे. पहिल्या मिनिटाला चाललेली रेघ शेवटच्या मिनिटाला अवैध ठरवू नये. सांगूनही मुलगा मुद्दाम पुन्हा रंगवून आला तर मात्र प्रश्न रंगाचा राहत नाही. मग तो पंचाच्या सूचनेला दिलेले उत्तर ठरतो आणि शिक्षेचा वर्गही बदलतो.

याचा संबंध पंचगिरीच्या मोठ्या दुखण्याशीही आहे. अमेरिकेतल्या क्रीडापंचांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये १७,००० हून अधिक पंचांची मते घेतली. खिलाडूवृत्ती घसरत चालली आहे, असे निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले. पालकांचा आरडाओरडा सोसत, तुटपुंज्या मानधनावर शनिवार-रविवार मैदानावर घालवणारी ही माणसे आहेत. त्यांच्यावर अस्पष्ट नियम लादणे म्हणजे त्यांना एकेका वादात एकटे सोडणे. स्पष्ट, नजरेत मोजता येणारा नियम पंचालाही संरक्षण देतो.

९. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: रंगाने कोणाचे नुकसान होत नाही, मग बंदी कशाला? इथे बंदी नाही, हद्द आहे. उपयोगाची रेघ प्रत्येकाला मोकळी आहे. आणि नुकसान शरीराचेच असते असे मानले तर डिवचण्याविरुद्धचे सगळेच नियम रद्द करावे लागतील.

दुसरा आक्षेप अभिव्यक्तीचा. तरुण माणसाने आपले मत मैदानावर का मांडू नये? हा आक्षेप गंभीर आहे. खेळाडूंनी अन्यायाविरुद्ध आवाज उठवल्याने जग पुढे गेल्याची उदाहरणे आहेत. पण खेळाच्या साधनाला आवाजाचे माध्यम केले की पंचाला आवाजांचा न्यायाधीश व्हावे लागते. सामन्याआधी, सामन्यानंतर आणि मैदानाबाहेर बोलण्याचे स्वातंत्र्य अबाधित ठेवून साधन तेवढे निःशब्द ठेवणे, ही मला योग्य वाटणारी वाटणी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. मूळ खेळात आयाळ होती, शेपूट होते. मग सजावट वर्ज्य कशी? उत्तर कॅटलिनच्या नोंदीतच आहे. ती सजावट नियमाने ठरवलेली होती, दोन्ही बाजूंनी मानलेली होती आणि तिचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. एकाने दुसऱ्यावर लादलेली ती खूण नव्हती. परंपरा सजावटीला नकार देत नाही. एकतर्फी सजावटीला ती आधारही देत नाही. एखाद्या समाजाचा विधी म्हणून रंग लावायचा असेल तर त्या समाजाच्या सामन्यांना वेगळी परवानगी देण्याची तरतूद नियमकर्त्यांनी मोकळ्या मनाने करावी.

१०. निष्कर्ष

या विवेचनातून साहित्याविषयीच्या कोणत्याही वर्तननियमासाठी चार कसोट्या मिळतात. वस्तूला खरा उपयोग असेल तर तेवढी मुभा नियमाने द्यावी. हद्द उपयोगाच्या शेवटावर आखावी, त्याच्या अलीकडे नाही आणि फार पलीकडेही नाही. हद्द पंचाच्या एका नजरेत ठरावी आणि त्याला आशयाचा निवाडा करायला लावू नये. आणि नियम कोणाला अकारण वगळत नाही ना, हे वेळोवेळी तपासावे. आय ब्लॅकचे लॅक्रोसमधले कलम या चारही कसोट्यांना उतरते, म्हणून मी त्याला चांगला नियम म्हणतो.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत क्रिकेट आणि लॅक्रोस या दोन्ही खेळांना एकाच ठरावात प्रवेश दिला. लॅक्रोस तिथे सहा-सहा खेळाडूंच्या वेगवान प्रकारात खेळला जाईल. आपल्याकडची मुले तो पडद्यावर पाहतील आणि गालावर रेघा ओढून मैदानात उतरतील, हे नक्की. त्यांच्या प्रशिक्षकांनी रंगाची डबी हाती देताना रेघ कुठे थांबते आणि का थांबते, हे दोन्ही सांगावे. कारण समजलेली हद्द मुलगा स्वतः पाळतो. अशी मुले तयार झाली की पंचाचे लक्ष जिथे खरोखर हवे तिथे, म्हणजे कोणाच्या डोक्यावर येणाऱ्या काठीकडे आणि छातीच्या दिशेने सुटलेल्या चेंडूकडे, राहू शकते.